साखरशेत बुडणार नाही

समुद्राची पातळी वाढवून बघायचे नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात. एक पट्टी असते, ती बोटाने उजवीकडे सरकवत न्यायची. एक मीटर, दोन मीटर, पाच मीटर. पालघर जिल्हा स्क्रीनवर घेतला तर आधी खाड्या फुगतात, मग वसईकडची खाजणं आणि मिठागरं निळी होतात, मग सातपाटीसारखी कोळीवाड्यांची गावं जातात. पट्टी अगदी शेवटाला, म्हणजे साठ-पासष्ट मीटरला नेली, तरी जिल्ह्याचा पूर्वेकडचा मोठा तुकडा जसाच्या तसा राहतो. तो जव्हार-मोखाड्याचा भाग. जव्हार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचावर आहे. त्याच डोंगरांत साखरशेत आहे. माझं आजोळ.

पासष्ट हा आकडा हवेतला नाही. अंटार्क्टिकावरचा सगळा बर्फ वितळला तर जगातले समुद्र सरासरी ५८ मीटरने वाढतील, आणि ग्रीनलंडवरचा सगळा वितळला तर सात मीटरहून थोडे जास्त. त्याहून मोठा साठा पृथ्वीवर नाही. तेवढं वितळायला हजारो वर्षं लागतील. पण साखरशेत बुडणार नाही हे सांगायला तेवढी वाट बघायची गरज नाही, साधी वजाबाकी पुरते.

मग प्रश्न असा उरतो, की ज्या गावाने समुद्र वाढवला नाही आणि ज्या गावापर्यंत तो पोचणार नाही, त्या गावाचा या सगळ्याशी संबंध काय? वरवर हा भूगोलाचा प्रश्न आहे. थोडा ओढून पाहिला की त्यातून कोण कोणाचं काय देणं लागतो हा प्रश्न निघतो, आणि तो सोडवायला कुठलाही नकाशा उपयोगाचा नाही.

पण आधी बर्फ.

सरबताच्या ग्लासातला बर्फ वितळला म्हणून सरबत सांडत नाही. तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारलेलं असतं. म्हणून उत्तर ध्रुवावरचा तरंगता बर्फ विरघळला तरी समुद्राच्या पातळीत जवळपास फरक पडत नाही. (त्याचे दुसरे वाईट परिणाम आहेत, ते वेगळे.) फरक पडतो तो जमिनीवर साचलेल्या बर्फाने, म्हणजे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरच्या हिमचादरींनी. 'चादर' हा शब्द फारच मऊ आहे. हा बर्फ काही ठिकाणी तीन किलोमीटरहून जाड आहे. लाखो वर्षांचे पावसाळे तिथे बर्फ होऊन अडकून पडलेत म्हणा. तो समुद्रात उतरतो तेव्हा ग्लासात बाहेरून पाणी ओतल्यासारखं होतं.

किती? जगातल्या सगळ्या समुद्रांवर एक मिलिमीटरचा थर चढवायला साधारण ३६० अब्ज टन पाणी लागतं. २००२ मध्ये 'ग्रेस' नावाची उपग्रहांची जोडी आकाशात गेली. दोन उपग्रह एकामागून एक फिरत. खाली जास्त वस्तुमान आलं की पुढचा किंचित ओढला जाई आणि दोघांमधलं अंतर बदले. त्या बदलावरून खालच्या बर्फाचं वजन काढता येई. या वजनकाट्याने सांगितलं की ग्रीनलंड वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावतंय आणि अंटार्क्टिका त्याच्या साधारण निम्मा. म्हणजे दोघांचं मिळून वर्षाला एक मिलिमीटर आणि वर थोडंसं. बाकीची वाढ डोंगरांवरच्या हिमनद्यांची आणि तापून फुगणाऱ्या समुद्राच्या पाण्याची. सगळं धरून २००६ ते २०१८ या काळात समुद्र वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून २०१८ पर्यंतची एकूण वाढ वीस सेंटिमीटर. एक वीत.

एक वीत म्हणजे काय मोठंसं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण बर्फ वितळण्याची गोष्ट नळ ठिबकण्यासारखी सरळ नाही, आणि ही गोष्ट साखरशेतमध्ये समजावणं मला ऑफिसमध्ये समजावण्यापेक्षा सोपं गेलं. भातखाचराचा बांध सगळ्यांना माहीत असतो. बांधात पाणी फार नसतं, पाणी खाचरात असतं. पण बांध फुटला की खाचर राहत नाही. अंटार्क्टिकाच्या कडेने बर्फाचे असेच बांध आहेत. जमिनीवरून घसरत आलेला बर्फ समुद्रावर तरंगत पुढे पसरतो आणि मागच्या बर्फाला टेकू देतो. हा तरंगणारा भाग वितळला तर समुद्र वाढत नाही, तो सरबतातला बर्फच. पण टेकू जातो. २००२ च्या सुरुवातीला लार्सन-बी नावाचा असा बांध, तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठा, महिन्याभरात तुकडे होऊन गेला. त्यानंतर त्याच्यामागच्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला. पश्चिम अंटार्क्टिकाची अडचण याहून खोल आहे. तिथला बर्फ ज्या जमिनीवर बसलाय ती समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आत जावं तशी आणखी खोल होत जाते. बर्फाची कड मागे हटू लागली की ती अधिकाधिक खोल पाण्यात जाऊन उभी राहते, आणि जितकी खोल तितकी अस्थिर. थ्वेट्स ही तिथली एकच हिमनदी साधारण १२० किलोमीटर रुंद आहे. ती पूर्ण गेली तर समुद्र साठ-पासष्ट सेंटिमीटरने वाढेल.

आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात २१०० सालासाठीचे अंदाज साधारण पाव मीटरपासून एक मीटरपर्यंत आहेत, आपण धूर किती सोडतो त्यावर अवलंबून. बातम्यांमध्ये हाच आकडा येतो. त्याच अहवालातला दुसरा आकडा क्वचितच दिसतो. तापमानवाढ दीड अंशावर रोखली, तरी पुढच्या दोन हजार वर्षांत समुद्र दोन ते तीन मीटर वाढणार. दोन अंशांवर रोखली तर दोन ते सहा मीटर. बर्फ उशिरा ऐकतो आणि ऐकलेलं विसरत नाही. आपण सोडलेल्या कामाचा बॅकलॉग तो शतकानुशतकं पूर्ण करत बसतो.

आणखी एक गोष्ट, जी वाचल्यावर मी दोन दिवस तिचाच विचार करत होतो. आपण 'समुद्रसपाटी' म्हणतो, पण समुद्र सपाट नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राच्या पृष्ठभागाला सुमारे शंभर मीटरचा खोलगट भाग आहे, कारण तिथे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण कमी पडतं. ग्रीनलंडचा बर्फ इतका जड आहे, की तो भोवतालचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो वितळला की ती ओढ सैल होते, वरचं ओझं गेल्याने खालची जमीनही उचलली जाते, आणि ग्रीनलंडपासून साधारण दोन हजार किलोमीटरच्या आत समुद्राची पातळी चक्क खाली जाते. ते पाणी जातं दूर. आपल्यासारख्या दूरच्या किनाऱ्यांच्या वाट्याला सरासरीपेक्षा जास्त येतं.

म्हणजे जिथून बर्फ गेला तिथे समुद्र उतरतो, आणि ज्यांनी बर्फ कधी फ्रिजबाहेर पाहिला नाही त्यांच्या दारात चढतो. यात ग्रीनलंडच्या लोकांचा काही दोष नाही, हे लगेच सांगायला हवं. त्यांनी धूर सोडला नाही. निसर्ग कोणाचा सूड घेत नाही आणि कोणाला न्यायही देत नाही. तो पाणी हलवतो, एवढंच.

*

आता वाट्याचा मुद्दा. हवामानाबद्दल कोणी काही म्हटलं की आमच्या पिढीचं ठरलेलं उत्तर असतं: माझ्या एकट्याने काय होणार? हे उत्तर आळसाचं आहे असं म्हणून सोडून देता येत नाही, कारण गणिताने ते खरं दिसतं.

उदाहरणासाठी मोखाडा तालुक्यातलं मध्य वैतरणा धरण घेऊ. उंची शंभर मीटरहून जास्त, साठा १९३ अब्ज लिटरच्या वर. समजा हे सगळं धरण एका दमात समुद्रात रिकामं केलं. जगाचा समुद्र किती वाढेल? अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. केसाच्या जाडीचा शंभरावा भागही नाही. कुठल्याच यंत्राला ते कळणार नाही. अख्खं धरण जर समुद्राला जाणवत नाही, तर माझ्या एका विमान प्रवासाने वितळलेला बर्फ कोणाला जाणवणार?

पण ह्याच गणिताची दुसरी बाजू आहे. २००८ च्या एका अभ्यासाने जगभरातल्या धरणांमध्ये अडवलेल्या पाण्याची बेरीज केली. निघालं असं, की विसाव्या शतकात बांधलेल्या धरणांनी मिळून समुद्र सुमारे तीन सेंटिमीटर खाली रोखून धरला. एकेकटं कोणीच जाणवत नाही, सगळी मिळून तीन सेंटिमीटर. समुद्राला मायक्रॉन दिसत नसेल, बेरीज मात्र तो बिनचूक करतो.

डेरेक पारफिट या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९८४ च्या त्याच्या पुस्तकात नेमकी हीच पळवाट पकडली होती. त्याचा दाखला भयंकर आहे. हजार छळ करणारे आणि हजार कैदी. पहिल्या व्यवस्थेत प्रत्येक छळकरी आपल्या एका कैद्याच्या यंत्राचं बटण हजार वेळा दाबतो. एका दाबाने वेदना इतकी थोडी वाढते की कैद्याला ती कळत नाही, हजार दाबांनी तो तळमळतो. आता व्यवस्था बदलूया. प्रत्येक छळकरी हजार कैद्यांच्या यंत्रांचं बटण एकेकदाच दाबतो. कैद्यांची तळमळ तेवढीच. पण आता प्रत्येक छळकरी छातीवर हात ठेवून म्हणू शकतो, की मी कोणाचंही दुःख जाणवण्याइतकं वाढवलं नाही. पारफिटचं म्हणणं, तो पहिल्याइतकाच दोषी आहे. मला हे पटतं. मोठी सिस्टीम चालवणाऱ्या कोणालाही पटावं. एका रिक्वेस्टने सर्व्हर पडत नाही, पण पडलेल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये एकेक रिक्वेस्टच असते, दुसरं काही नसतं.

इथपर्यंत पाठ्यपुस्तक. माझी अडचण याच्या पुढची आहे. 'माझ्या एकट्याने काय होणार, समुद्राचं मला काय' हे वाक्य मी ऐरोलीतल्या ऑफिसच्या एसीत बसून म्हणू शकतो. माझी मामी मे महिन्यात दोन हंडे डोक्यावर घेऊन विहिरीवरून येताना तेच वाक्य म्हणू शकते. शब्द तेच. पारफिटला बहुधा दोन्ही सारखी वाटली असती. मला ती सारखी वाटत नाहीत.

भारताचं दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला साधारण दोन टन आहे, अमेरिकेचं त्याच्या जवळपास सातपट. आपण हे आकडे परिषदांमध्ये अमेरिकेच्या तोंडावर फेकतो आणि बरोबरच करतो. पण दोन टन ही सरासरी आहे, आणि त्या सरासरीत मी आणि मामी एकाच ओळीत उभे आहोत. माझ्या वाट्याचे जास्तीचे टन तिच्या न जाळलेल्या इंधनाने भरून निघतात आणि देशाचा आकडा गरीब दिसतो. तिचा वाटा लहान आहे, कारण तिने घेतलंच नाही. माझा वाटा लहान दिसतो, कारण मी भागाकार आठशे कोटींनी करतो. 'मी काय थांबवू' या प्रश्नाला माझ्याकडे दहा उत्तरं आहेत. तिच्याकडे थांबवण्यासारखं काही नाही. म्हणून तिच्या तोंडी ते वाक्य युक्तिवाद म्हणून टिकतं. माझ्या तोंडी टिकत नाही.

एवढं झाल्यावर हिशेब मिटायला हवा: ज्याने घेतलं त्याने द्यावं, साखरशेतला यातून मोकळं करावं. मलाही तिथेच थांबायचं होतं. पण मी मामाला मोबाइलवर तो नकाशा दाखवला, तेव्हा त्याने आपलं गाव शोधलंच नाही. साखरशेत कोरडं राहतं हे मीच दाखवलं, त्यावर त्याने नुसती मान हलवली. मग खालच्या निळ्या पट्ट्याकडे बघून म्हणाला, "मंग ती सातपाटीची माणसं कुठं जातील?"

आमच्याकडे समुद्राची ओळख सुक्या मासळीतून होते. आठवडी बाजारात बोंबील, सुकट, जवळा येतो तो किनाऱ्यावरून. पावसाळ्याची सोय त्यावर असते. मामाने समुद्र पाहिलाय तो कामाच्या निमित्ताने, पण सुकट विकणाऱ्या बायका त्याला वर्षानुवर्षं माहीत आहेत. त्याच्यासाठी तो निळा पट्टा म्हणजे माणसं होती, आणि माणसं वाढत्या पाण्यात उभी राहत नाहीत. वर येतात.

*

वर म्हणजे कुठे?

या डोंगरांना खालच्या गरजांची सवय आहे. मुंबईला पाणी हवं झालं तेव्हा मुंबई वर आली. तानसा एकोणिसाव्या शतकातलं, मग मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा, आणि मोखाड्यातलं मध्य वैतरणा, जिथून शहराला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्याच मोखाड्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. यावर दरवर्षी बातमी होते, फोटोत हंडे असतात, आणि पाऊस पडला की बातमी विझते. सूर्या नदी याच डोंगरांतून खाली जाते. तिच्यावरचा प्रकल्प मूळ शेतीच्या पाण्यासाठी होता. आता त्यातलं ४०३ दशलक्ष लिटर रोज वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला देण्याची योजना आहे. मी ऐरोलीत ज्या नळाखाली हात धुतो त्याचं पाणी कुठल्या ना कुठल्या डोंगरातलंच आहे, त्यामुळे मी इथे बाहेरचा टीकाकार असल्याचा आव आणत नाही. सांगायचं एवढंच, की खालच्या शहराची निकड वरच्या गावाच्या हक्कापेक्षा मोठी धरायची पद्धत इथे शंभरहून जास्त वर्षं जुनी आहे. पाण्याच्या बाबतीत ती रुळली. उंचीच्या बाबतीत ती का रुळणार नाही?

ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईचे तेव्हाचे आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की २०५० पर्यंत नरिमन पॉइंट, कफ परेडचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली जाऊ शकतो. आकड्यावर वाद होऊ शकतो, पण बोलणारा पदावरचा अधिकारी होता. पालघरच्या किनाऱ्यावर उधाणाचं पाणी घरांपर्यंत येतं म्हणून गावोगाव धूपप्रतिबंधक बंधारे मागितले जातात. आणि त्याच जिल्ह्यात, डहाणूजवळ वाढवणला, सुमारे १,४४८ हेक्टर समुद्र भरून ७६,२२० कोटींचं बंदर उभं राहतंय. एकीकडे समुद्र आत येतो म्हणून भिंत मागायची, दुसरीकडे समुद्रात जाऊन जमीन करायची. दोन्ही फायली एकाच जिल्ह्याच्या.

माझ्या फोनवर गेली दोनेक वर्षं प्लॉटच्या जाहिराती येतात. जव्हारचं गार हवामान, धबधबे, वारली चित्रं, 'मुंबईपासून फक्त काही तासांवर'. अजून कोणी 'समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर' हे मोठ्या टायपात लिहिलेलं नाही. लिहितील. अमेरिकेत मायामीला हे सुरू झालेलं आहे. तिथे समुद्राकाठी श्रीमंत आणि आत, थोड्या उंचवट्यावर, लिटल हैतीसारख्या गरीब वस्त्या अशी जुनी मांडणी होती. उंचवट्याला मोल येऊ लागल्यावर आता बिल्डर तिकडे वळलेत.

गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये एक उपमा दिली होती. श्रीमंत देश म्हणजे माणसांनी भरलेली होडी, भोवती पाण्यात पोहणारे गरीब. सगळ्यांना आत घेतलं तर होडीच बुडेल, म्हणून कोणाला घेऊ नका. निष्ठुर युक्तिवाद आहे, पण आजही देशांच्या सीमांवर तो रोज वापरला जातो. आता तीच होडी जव्हारच्या डोंगरावर ठेवून बघा. होडीत बसलेले गरीब आहेत. पाण्यातून येणाऱ्यांमध्ये दोन तऱ्हा आहेत. एकीकडे सातपाटीचा खलाशी, मिठागरातला मजूर, खाजणात भात लावणारा. दुसरीकडे कफ परेडचा फ्लॅटमालक. आणि हार्डिनने न पाहिलेली गोष्ट ही, की दुसऱ्या तऱ्हेचा माणूस आत घ्या म्हणून विनवत नाही. तो होडीची किंमत विचारतो.

हे कल्पनेतलं वाटत असेल तर किरिबाटी बघा. पॅसिफिकमधला हा बेटांचा देश समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर आहे. २०१४ मध्ये त्यांच्या सरकारने फिजीच्या एका मोठ्या बेटावर सुमारे वीस चौरस किलोमीटर जमीन चर्चकडून विकत घेतली, उद्याची तजवीज म्हणून. जगभर बातम्या झाल्या: बुडणाऱ्या देशाने उंची विकत घेतली. कमी लोकांनी छापलं ते हे, की त्या जमिनीवर एक गाव आधीपासून होतं. एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर मजुरीसाठी सॉलोमन बेटांवरून आणलेल्या लोकांचे वंशज तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. कागद त्यांच्या नावावर नव्हता. किरिबाटीसारख्या निरपराध देशाने, अगदी खऱ्या निकडीने केलेल्या खरेदीतही कोणाच्या तरी पायाखालची जमीन हलते, तर निकड नसलेल्यांच्या खरेदीत काय होईल?

आमच्याकडे कागद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. त्यावरच्या पळवाटाही तितक्याच जुन्या आहेत, पण कायदा आहे म्हणून निदान पळवाट शोधावी लागते. मी हे एकदा मोठ्या समाधानाने मामेभावासमोर बोललो. तो पिकअप चालवतो, माझ्याच वयाचा आहे. तो म्हणाला, "तुझ्या फ्लॅटला असा कायदा आहे काय रे?"

नाही. माझा फ्लॅट मी उद्या कोणालाही विकू शकतो, त्यावर कर्ज काढू शकतो. त्याला दवाखान्यासाठी दोन लाख हवे असतील तर त्याची जमीन त्याच्यासाठी जवळपास शून्य किमतीची आहे. कायद्याने ती वाचवली आहे, आणि वाचवण्याची किंमत त्याच्याकडूनच वसूल केली आहे. समुद्र वाढेल तशी त्या जमिनीची बाजारातली किंमत वाढेल, म्हणजे त्याचं दर वर्षाचं नुकसानही वाढेल. 'तू विकू नकोस, तुझ्या नातवंडांसाठी ती उंची मोलाची आहे' हे त्याला मी सांगायचं? ज्याने आपली उंची एकोणिसाव्या मजल्यावर कर्जाने घेतली आहे, त्याने?

तरीही मी त्या कायद्याच्या बाजूने आहे. विकायचा हक्क मिळाला तर मामेभावाला एकदा पैसे मिळतील, आणि बाजार एका पिढीत डोंगर उलटा करेल: खालचे वर, वरचे खाली. पण कायदा राहावा असं म्हणणाऱ्याने त्याची फी भरली पाहिजे. दवाखाना, कर्ज, मे महिन्यातलं पाणी, या गोष्टी जमीन न विकता मिळत नसतील तर ३६-अ हे संरक्षण नाही, कोंडवाडा आहे. मामेभाऊ यावर म्हणाला, फी भरणारे आले की कळव.

राहिला मामाचा प्रश्न. सातपाटीची माणसं. त्यांच्याबाबत मला उत्तर अवघड वाटत नाही. ज्याच्याकडे दुसरी जागा नाही त्याला आसरा देणं आणि ज्याच्याकडे चार जागा आहेत त्याला पाचवी विकणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पहिली नाकारायला दुसरीचं कारण देता येणार नाही. महाराष्ट्राला आसऱ्याची आठवण आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका-मुलं जास्त. त्या युद्धात कोल्हापूरचा काही दोष नव्हता, म्हणून कोणी दार लावून घेतलं नाही. मात्र त्या पाहुण्यांचं युद्ध संपलं, १९४८ पर्यंत ते निघून गेले. बर्फाचं वर सांगितलं तसं आहे, तो दोन हजार वर्षं थांबणार नाही. आता येतील ते राहायला येतील.

म्हणून विचारलं जाणं महत्त्वाचं. जव्हार आणि मोखाडा हे पूर्ण तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारावं असं तो सांगतो. धरणांच्या वेळी विचारलं नव्हतं. उद्या किनाऱ्यावरच्या एका गावाला वर हलवायचं ठरलं, तर ते मंत्रालयात ठरून आदेश खाली येईल, की ग्रामसभेसमोर दोन्ही गावं बसतील? पहिल्या पद्धतीत सातपाटीकर अतिक्रमण करणारे ठरतील आणि आमची माणसं निष्ठुर ठरतील, दोघंही दोषी नसताना. दुसऱ्या पद्धतीत भांडणं होतील, पण ती योग्य माणसांमध्ये होतील. आणि धूर सोडणाऱ्यांकडून दोघांनी मिळून काय मागायचं, हे तिथे तरी निघेल.

मी हे सगळं मामीला जमेल तसं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. दिवाळीनंतर अर्धं गाव वीटभट्ट्यांवर खाली जातं, तेवढी घरं तशीही बंदच असतात, ती म्हणाली, राहतील माणसं. मग थोडा वेळ काही बोलली नाही. नंतर तिने विचारलं, "पण वर येऊन ती करतील काय? इथं मासळी कुठंय?"